खेळकर हस्ताक्षरी देवनागरी फॉन्ट: पाटी, मेनू, बरणी आणि होडीवर

रापण

दिवाळीची सुट्टी आणि मे महिना जवळ आला की कोकण किनाऱ्यावर पाट्या, मेनूकार्डं, आंबापोळीची लेबलं यांची छपाई जोरात सुरू होते. बरीच गिऱ्हाइकं छपाईवाल्याला "जरा मजेशीर अक्षर लावा" एवढंच सांगतात आणि तो हाताशी असेल तो जाडा, वाकडा फॉन्ट लावून देतो. पाटी लागते, पण रस्त्यावरून वाचता येत नाही, किंवा शिंपल्यांच्या "तिसऱ्या मसाला" चा "तिसर्या मसाला" होऊन बसतो. हाताने काढल्यासारखा दिसणारा खेळकर डिस्प्ले फॉन्ट (मोठ्या, ठळक शब्दांपुरता वापरायचा) निवडायचा कसा, तो कुठे लावायचा आणि कुठे टाळायचा, यावर जाणकारांनी इथे लिहावं. सुरुवात मी करतो.

रोमन लिपीत खेळकरपणा आणणं सोपं असतं. प्रत्येक अक्षर सुटं, त्यामुळे एक वर उचललं, एक खाली सोडलं, एक तिरकं केलं की झालं. देवनागरीत अक्षरं शिरोरेघेला लटकलेली असतात. वरची रेघ प्रत्येक अक्षराला वेगळ्या उंचीवर नेली की शब्द तुटतो आणि डोळा अडखळतो. म्हणून आपल्याकडे खेळ चालतो तो रेघेच्या खाली: दंड कमीजास्त लांब, वाटी जरा जास्त फुगलेली, उकाराची शेपटी उडालेली, वेलांटीला झोका. चांगला फॉन्ट बघताना मी आधी हेच बघतो की मस्ती कुठे केली आहे. दोन अक्षरांच्या रेघा जुळतात त्या जोडांवर केली असेल तर तो फॉन्ट सोडून द्यावा.

फुकट आणि नीट बांधलेले काही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहेत. फुगीर जातीत 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मोदक आणि बलू. मोदक एकाच जाडीत येतो आणि इतका गुबगुबीत आहे की अक्षराच्या आतली पोकळी केसाएवढ्या रेघेवर आलेली असते. मोठ्या आकारात तो फार देखणा दिसतो, लहान आकारात शाईने ती रेघ बुजते. बलू जास्त कामाचा, कारण बलू २ मध्ये रेग्युलरपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या मिळतात. पेनाने भरभर लिहिल्यासारखं अक्षर हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा कलम, त्यात तीन जाड्या आहेत. पेंटरी वळणाचा हवा असेल तर यात्रा वन, जो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरिन ली श्मिट यांनी घडवला. हे चारही वेगळ्या स्वभावाचे आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

शिरोरेघ

रापण यांनी जोडांचा मुद्दा काढला तो फॉन्ट बांधणाऱ्याच्या बाजूने सांगतो, कारण अनेक जण स्वतःच्या अक्षराचा फॉन्ट करायला घेतात आणि नेमके इथे अडकतात.

फॉन्टात अक्षर ज्या चौकोनात आखतात तो १००० एककांचा धरू. शिरोरेघ समजा ९० एकक जाड. हाताने काढलेली रेघ थोडी लाटेसारखी असते आणि तीच तर गंमत आहे, ती घालवायची नाही. पण प्रत्येक अक्षराच्या डाव्या आणि उजव्या टोकाची साधारण ४० एककं अगदी सपाट ठेवायची, वरची आणि खालची कड दोन्ही ठरलेल्या उंचीवर. लाट फक्त मधल्या भागात. मग कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराशेजारी बसलं तरी पायरी दिसत नाही. शिवाय रेघ अक्षराच्या हद्दीबाहेर १५ ते २० एककं पुढे काढायची म्हणजे शेजारच्या रेघेवर ती चढते. हद्दीवर बरोबर थांबवली तर काही पडद्यांवर आणि प्रिंटरवर जोडात केसाएवढी पांढरी फट दिसते. हा नियम काना, दुसरी वेलांटी, अर्धी अक्षरं सगळ्यांना लागू. अर्ध्या अक्षरांचं टोक हमखास विसरलं जातं आणि "रत्नागिरी" मधल्या त्न वर रेघ तुटते.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. मराठीत काना भरमसाट येतो. "मालवणातला ताजा मासा" लिहून बघा. सगळे काने तंतोतंत सारखे असले की हाताने काढल्याचा आभास तिथेच संपतो. त्यावर उपाय म्हणजे कान्याची तीन रूपं काढायची: एक मूळ, एक पायाशी २० एकक लांब, एक २५ एकक आखूड आणि किंचित कललेला. तसंच र, क, त, न, ल, स यांची दोन दोन रूपं. मग फॉन्टात संदर्भानुसार पर्याय बदलणारा नियम लिहायचा की मागच्या दोनतीन अक्षरांत तेच रूप येऊन गेलं असेल तर आता दुसरं घ्या. पायातला फरक चौकोनाच्या उंचीच्या ३ टक्क्यांपुढे नेऊ नका. त्याच्या पुढे गेला की तो खेळ न वाटता छपाईची चूक वाटते.

पहिल्या वेलांटीची एकच रुंदी देऊन भागत नाही. "रि" मधला र अरुंद, "क्षि" मधला क्ष रुंद. वेलांटीचा वरचा झोका त्या अक्षराच्या दंडावर उतरायला हवा. किमान चारपाच रुंद्या काढा, नाहीतर "दक्षिण" मध्ये वेलांटी हवेत लटकते.

काम कागदावर करायचं असेल तर एकच मार्कर शेवटपर्यंत वापरा, अक्षराची उंची ४ ते ५ सेंटीमीटर ठेवा, स्कॅन ६०० डीपीआयला करा. लहान काढून मोठं केलं तर कागदाच्या तंतूंची थरथर अक्षरात उतरते. स्कॅनवरून आपोआप रेघ काढून देणारं सॉफ्टवेअर एका वाटीवर शंभर बिंदू टाकतं. ते पुसून वळणाच्या टोकांवरच बिंदू ठेवायचे, एका वाटीला सहाआठ पुरतात. फॉन्ट बांधायचं सॉफ्टवेअर पैसे न घालता हवं तर फॉन्टफोर्ज आहे. ग्लिफ्स हाताळायला सोपं, पण ते मॅकवरच चालतं.

खाडीपल्याड

तुमी म्हणतास तां खरां. सपाट टोकांची युक्ती पाटी हाताने रंगवतानाही तेवढीच लागू पडते.

एक प्रश्न आहे. महामार्गालगत खानावळीची पाटी करायची आहे. अक्षर किती मोठं असावं आणि मोदक चालेल का?

जांभा_चिरा

खाडीपल्याड, पाट्यांच्या धंद्यात चालणारा हिशोब असा: दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर म्हणजे अगदी आरामात वाचता येतं. ६० च्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. तीन शब्द वाचून वेग कमी करायला ड्रायव्हरला निदान ३ सेकंद द्या, म्हणजे ५० मीटर, १६५ फूट. अक्षर १६ ते १७ इंच आलं. ही उंची शिरोरेघेपासून पायापर्यंतची, म्हणजे क किंवा म ची. वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून पाटीची उंची त्याच्या जवळजवळ दुप्पट लागते. छपाईवाले कित्येकदा मात्रेपासून उकारापर्यंत मोजून १६ इंच म्हणतात आणि प्रत्यक्ष अक्षर निम्म्यावर येतं. हे आधीच बोलून घ्या.

मोदक महामार्गावर नको. पोकळी बुजलेली असते, त्यामुळे लांबून प, ष, म, भ सगळे एकाच आकाराचे गोळे दिसतात. बलू २ चा सेमी बोल्ड किंवा यात्रा वन घ्या. खानावळीचं नाव खेळकर अक्षरात आणि "शाकाहारी, मांसाहारी, ५०० मीटर पुढे" हा मजकूर मुक्तासारख्या साध्या फॉन्टात.

आता भिंतीवर रंगवायचं असेल त्यांच्यासाठी. जांभ्याच्या उघड्या भिंतीवर खेळकर अक्षर थेट रंगवू नका. चिऱ्याची भोकं अक्षराची गोल कड खाऊन टाकतात आणि गोल कड हाच तर या अक्षराचा जीव. पाटीपुरता अर्ध्या इंचाचा सिमेंटचा गिलावा करून घ्या, आठवडाभर पाणी मारा आणि मग तीनचार आठवडे सुकू द्या. ओल्या सिमेंटातला क्षार ऑईल पेंटला साबणासारखा विरघळवतो, पापुद्रे निघतात ते त्यामुळेच. त्यावर सिमेंट प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. जमिनीपासून दोन फूट जागा मोकळी ठेवा, पावसात तिथे चिखल उडतो आणि शेवाळ धरतं.

अक्षर भिंतीवर उतरवायला पूर्ण मापाची छपाई तुकड्यातुकड्यांत काढून चिकटवा, कडेवर ३ ते ४ मिलीमीटरवर टोचणीने भोकं पाडा, कागद भिंतीला लावून गेरूची पुरचुंडी आपटा. ठिपके उमटतात. शिरोरेघेच्या वरच्या आणि खालच्या कडेसाठी खडू लावलेली सुतळी ताणून दोन रेघा मारा. आधी अक्षरांची अंगं रंगवा, शिरोरेघ सगळ्यात शेवटी एका दमात ओढा, जोड दिसतच नाहीत. रेघ शब्दापुरतीच, दोन शब्दांमधे मोकळी जागा एका क एवढी. गोल टोकांसाठी चपट्या ब्रशने अंग भरून टोक गोल ब्रशने फिरवून घ्यावं.

रंगांचं म्हणाल तर जांभ्याच्या तांबड्या पार्श्वभूमीवर तांबडं किंवा केशरी अक्षर संध्याकाळी दिसेनासं होतं. मळकट पांढऱ्यावर गडद निळं किंवा काळं, ही जोडी इथे सगळ्यात जास्त टिकते.

मांडवी_किनारा

मूळ धाग्यातल्या "तिसर्या" बद्दल. हा दोष बहुतेक वेळा फॉन्टाचा नसून टायपिंगचा किंवा सॉफ्टवेअरचा असतो.

मराठीत "दर्या" आणि "दऱ्या" दोन्ही लागतात. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. दुसऱ्यासाठी खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असं टाइप करा. साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरूनही तेच रूप येतं, पण फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात चिकटवताना ते अदृश्य चिन्ह गळून जातं आणि आडव्या र चा रफार होतो. मेनूवरच्या तिसऱ्या अशाच बिघडतात. कुर्ल्यांचं उलट, तिथे रफारच हवा.

जुन्या छापखान्यांत अजून श्री-लिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या संचावर काम चालतं. तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतांत नसतो. त्याला बलू किंवा कलम लावला की रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करा आणि नंतर एकेक शब्द तपासा, कारण रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा बदलतात.

कोरलड्रॉ एक्स ६ च्या आधीचं असेल तर युनिकोड देवनागरी त्यात टाइप करायचा हट्ट सोडा. वेलांटी उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. एक्स ६ म्हणजे २०१२ पासून पुढे ते सुधारलं. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक पर्याय चालू करावे लागतात आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. इनडिझाइनमध्येही तोच कंपोझर. इंकस्केपला काहीच सांगावं लागत नाही, तिथे जोडाक्षरं आपोआप बरोबर येतात, शिवाय ते फुकट आहे.

मजकुराची भाषा मराठी अशी निवडा, हिंदी नको. ज्या फॉन्टात ल आणि श ची मराठी रूपं वेगळी दिलेली असतात, त्यात ती भाषा निवडल्यावरच उमटतात. वेबपानावरही भाषेचं लेबल मराठीचं हवं.

आणि अक्षरांतलं अंतर वाढवायची सवय देवनागरीत पूर्ण सोडा. ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेघेचे तुकडे होतात. शब्द पसरट हवा असेल तर आकार वाढवा किंवा शब्दांमधली जागा वाढवा.

कटिंगवाला

कापण्याच्या बाजूने लिहितो. व्हिनाइल प्लॉटर (स्टिकर सुरीने कापणारं यंत्र) आणि लेझर, दोन्ही.

फॉन्ट जसाच्या तसा कापायला दिला तर शिरोरेघ जिथे एकमेकींवर चढली आहे तिथे सुरी दोनदा फिरते आणि स्टिकर अक्षराअक्षराला सुटतं. बॅनरवर अक्षरांना बाहेरून पांढरी किनार दिली की प्रत्येक जोडाला उभी पांढरी चीर दिसते ती याच कारणाने. मजकूर आधी कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृतीत बदलायचा, मग एकजीव करायचा. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू आणि नंतर वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ आणि पाथफाइंडरमधलं युनाइट, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ आणि युनियन. मूळ टाइप केलेली प्रत वेगळी जपून ठेवा, कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

खडूसारखा किंवा सुकलेल्या ब्रशसारखा खरबरीत फॉन्ट प्लॉटरला देऊ नका. एकेका अक्षरात हजारो बिंदू असतात, सुरी थरथरते, कणाएवढे तुकडे उचकटून येतात. व्हिनाइलसाठी गुळगुळीत कडेचाच फॉन्ट, सगळ्यात बारीक भाग ३ मिलीमीटरच्या खाली नको. अनुस्वार आणि चंद्रकोर हे सुटे तुकडे असतात, काचेवरून किंवा गाडीवरून पहिले तेच निघतात. खेळकर फॉन्टात ते मोठे आणि गोल असतात, हा फायदाच आहे. टोकदार चौकोनी टिंब कोपऱ्यातून उचललं जातं, गोल टिकतं.

लेझरने शब्द कापून भिंतीवर लावायचा असेल तर देवनागरी रोमनपेक्षा सोयीची, कारण शिरोरेघेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. पण ग, श, ण बघा. या अक्षरांचा डावा भाग आणि दंड एकमेकांना फक्त वरच्या रेघेने जोडलेले असतात. "गणपतीपुळे" कापलं की ग आणि ण चे दंड नुसते लोंबतात आणि वाहतुकीत तिथेच मोडतात. शिरोरेघ दंडाएवढीच जाड असलेला फॉन्ट निवडा किंवा पाठीमागे पट्टी लावा. उलट, अक्षर कोरून आरपार भोक पाडायचं असेल, म्हणजे स्टेन्सिल, तर ब, व, म यांच्या आतल्या पोकळ्या गळून पडतात, तिथे २ ते ३ मिलीमीटरचे पूल सोडावे लागतात.

किनाऱ्यावर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) बाहेर लावू नका. एका पावसात फुगतो आणि अक्षराची गोलाई सुटते. ३ मिलीमीटर ॲक्रिलिक किंवा एसीपी (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेला बोर्ड) घ्या. स्क्रू साधे लोखंडी लावले तर खाऱ्या हवेत गंजाचे ओघळ पाटीवर उतरतात. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस मागा, ३०४ ला समुद्रालगत डाग येतात.

२०१८ च्या प्लास्टिकबंदीत थर्माकोल गेल्यापासून मखरासाठी पुठ्ठ्याची कापलेली अक्षरं मागतात. "बाप्पा मोरया" २ मिलीमीटर पुठ्ठ्यात छान निघतं, फक्त अक्षराचं अंग १२ मिलीमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, नाहीतर दमट हवेत मान टाकतं.

सुरंगी

बरणी, बाटली आणि मेनूबद्दल माझं मत ठाम आहे: खेळकर फॉन्ट तीन शब्दांपर्यंत. नाव, फार तर एक ओळ. "कोकम सरबत" त्या अक्षरात गोड दिसतं. घटक, वजन, किंमत, परवाना क्रमांक, तारीख हे सगळं साध्या, सरळ फॉन्टात. कायद्याने या मजकुराला किमान उंची ठरवून दिली आहे आणि वाकड्या अक्षरात त्या उंचीला तो वाचताच येत नाही. हापूसच्या पेटीवर भौगोलिक मानांकनाची खूण छापत असाल तर तिला तर हातच लावू नका, फॉन्ट बदलून पुन्हा रचायची ती गोष्ट नाही.

चकाकत्या लेबलवर लहान आकारात पांढरी अक्षरं गडद जांभळ्यावर छापली की शाई आत पसरते आणि अक्षर बारीक होतं. कोकमाच्या बाटल्यांवर हे सर्रास दिसतं. उलट्या छपाईला एक जाडी वरची घ्या: रेग्युलर चालत असेल तर मीडियम.

मेनूकार्डात विभागांची नावं खेळकर ठेवा: न्याहारी, मासे, गोड. पदार्थांच्या ओळी नकोत. "घावणे, आंबोळी, शिरवाळे, खापरोळी" अशा सलग वीस ओळी उड्या मारणाऱ्या अक्षरात वाचताना डोळा थकतो. आणि किमतीचे आकडे आधी तपासा. ५ आणि ८ ची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी, ती फॉन्टात आहेत का बघा. रुपयाचं चिन्ह २०१० चं, त्याच्या आधीच्या फॉन्टात त्याच्या जागी चौकोन येतो. "ॲ" चंही तसंच, जुन्या फॉन्टात तो नाही. मग लोक अ वर चंद्रकोर चिकटवतात आणि ती खेळकर फॉन्टात भलत्याच ठिकाणी बसते.

दुकानाची पाटी मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असेल तर महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर देवनागरी आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही, असा नियम आहे. त्यामुळे जोडी लावताना रोमन मोठ्या अक्षराची उंची शिरोरेघेच्या जरा खालीच ठेवा, कायदाही पाळला जातो आणि दिसायलाही बरं. दोन्ही लिप्या एकाच फॉन्टातल्या घेतल्या तर जाडी आपोआप जुळते, बलू आणि मोदकमध्ये ती सोय आहे. वेगवेगळे घेत असाल तर सगळीकडे सारख्या जाडीची, मार्करने काढलेली जात घ्या. बोरूचा काप देवनागरीत रोमनच्या उलट बाजूला असतो, त्यामुळे जाडबारीक अक्षरात दोन लिप्यांचा कल उलटा पडतो आणि जोडी विसंगत दिसते.

रापण

सुरंगी, तीन शब्दांची मर्यादा मला पूर्ण मान्य. शहाळ्याच्या गाडीपासून दशावताराच्या फलकापर्यंत हेच लागू पडतं: नाटकाचं नाव खेळकर अक्षरात चालेल, वेळ आणि जत्रेचं ठिकाण साध्या अक्षरात.

फॉन्ट पारखायला आपल्या गावांची नावंच पुरेशी आहेत. "हर्णै" लिहा: ण वर दोन मात्रा आणि त्यावर रफार. जाडा फॉन्ट इथेच कोसळतो, तिन्ही एकात एक घुसतात. "आंजर्ले" आणि "तारकर्ली" मध्ये रफार मात्रेला आणि वेलांटीला कसा बसतो ते बघा. "श्रीवर्धन" मध्ये श्री च्या वेलांटीचा झोका पुढच्या व वर चढतो का? "वेळणेश्वर" मध्ये ळ आणि श्व. "मुरुड" मध्ये रु, तिथे उकार र च्या पोटात हवा, पायाखाली नको. आणि पाट्यांवर सगळ्यात जास्त येणारं "सर्वांचे स्वागत". वां वर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी येतात, गुबगुबीत फॉन्टात त्यांचा एक गोळा होतो. तसं झालं तर अनुस्वार कर्व्हमध्ये बदलून हाताने उजवीकडे सरकवा किंवा फॉन्ट बदला.

ही परीक्षा २४, ४८ आणि ९६ पॉइंटला कागदावर छापून घ्या. पडद्यावर मोठं करून बघितलेलं काहीच सांगत नाही.

मांडवी_किनारा

रापण यांच्या यादीत "कुर्ल्यांचे कालवण" वाढवा. रफार, ल्या आणि अनुस्वार एका झटक्यात तपासले जातात.

व्हॉट्सॲपवर पाटीचं चित्र पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो, मोदकसारख्या फॉन्टातली बारीक पोकळी पुसली जाते आणि गिऱ्हाईक म्हणतं अक्षर बुजलंय. छापखान्याला नेहमी कर्व्ह केलेली पीडीएफ.

खाडीपल्याड

महामार्गाच्या पाटीचं गणित कळलं, आभार. हे फुकट फॉन्ट धंद्यासाठी वापरले तर परवाना लागतो का? आणि होडीवर नाव घालायला कुठला घ्यावा?

शिरोरेघ

वर नाव आलेले गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. पाटी, लेबल, टीशर्ट, वेबपान, सगळीकडे पैसे न देता वापरता येतात, फॉन्टात बदलही करता येतो. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही, आणि बदललेली प्रत वाटायची असेल तर ती त्याच परवान्याखाली, आणि मूळ नाव राखीव असेल तर नव्या नावाने. "फुकट डाउनलोड" म्हणून फिरणाऱ्या इतर फॉन्टांचं तसं नसतं. त्यातले बरेच फक्त खाजगी वापरापुरते असतात, सोबतची परवान्याची फाइल उघडून वाचा.

जांभा_चिरा

होडीचं सांगतो. नाव खेळकर अक्षरात खुशाल घाला, नोंदणी क्रमांक मात्र साध्या ठळक अक्षरात, तो गस्तीच्या बोटीवरून वाचता आला पाहिजे. नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, फळ्या वळतात, तिथे छापील नमुना सपाट कागदावरून उतरवला की शेवटची दोन अक्षरं आखडलेली दिसतात. कागद होडीला गुंडाळून शिरोरेघ डोळ्याने सरळ करा, पट्टीने नाही. वळणाच्या बाजूची अक्षरं ५ ते १० टक्के रुंद काढावीत.

फायबरच्या होडीवर ऑईल पेंट थेट धरत नाही. २२० च्या पॉलिश पेपरने चमक घालवा, थिनरच्या फडक्याने पुसा, प्रायमर द्या, मग अक्षर. लाकडी होडीत फळ्यांच्या सांध्यावर शिरोरेघ येऊ देऊ नका, सांधा हलतो आणि रेघ तिथेच तडकते. रेघ फळीच्या मधोमध येईल असं अक्षराचं माप ठरवा, गरज पडली तर अक्षर लहान करा.

मासेमारी बंद असते त्या १ जून ते ३१ जुलैच्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून रंगकाम तेव्हाच निघतं. पण त्या हवेत दुसरा हात द्यायला डब्यावर लिहिलेल्या तासांवर विसंबू नका, दुप्पट वेळ द्या. बोट टेकवलं आणि चिकटलं नाही तरच पुढचा हात. ओल्यावर ओला बसला तर जाड फुगीर अक्षरात सुरकुत्या पडतात, बारीक अक्षरात तेवढ्या दिसत नाहीत. मोदक आणि बलूच्या वळणाची अक्षरं रंगवणाऱ्यांनी दोन पातळ हात द्यावेत, एक जाड नको.

कटिंगवाला

स्कूबावाले आणि डॉल्फिन दर्शनवाले टोप्यांवर भरतकाम करून घेतात म्हणून एवढं जोडतो. भरतकामात १ मिलीमीटरपेक्षा बारीक रेघ धाग्याला जमत नाही आणि देवनागरीत एकावर एक तीन थर असतात. क ची उंची १२ मिलीमीटरच्या खाली नेऊ नका. मोदक तिथे टाळा, पोकळीची रेघ टाक्यांत बुजते. बलू २ मीडियम बरा. टोपीचा पुढचा भाग गोल असतो, शब्द दोन ओळींत तोडला की शिरोरेघ आखूड होते आणि वाकडी दिसत नाही: वर "तारकर्ली", खाली "स्कूबा". मशीनवाल्याला शिरोरेघ पूर्ण शब्दाला सलग एका टाक्याच्या पट्ट्यात घ्यायला सांगा. अक्षराअक्षराला धागा तोडला तर प्रत्येक जोडावर गाठ येते आणि महिनाभराच्या खाऱ्या पाण्यात तिथूनच उसवतं.